पाणी चढतं तेव्हा

खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे दिवाळी झाली, पाहुणेरावळे झाले, मग गुडघ्यांनी दगा दिला... नेहमीचीच कारणं. पण खरं कारण वेगळंच आहे. दिवाळीला नात आली होती. ती जाताना माझ्या डोक्यात एक किडा सोडून गेली, आणि त्या किड्याने चाळीस वर्षांपूर्वीचा एक पेपर उकरून काढला. लिहावं की लिहू नये, यातच महिना गेला. आज लिहून टाकते.

नात बंगळुरूला कॉम्प्युटरचं शिकते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे जरा निवांत होते, तेव्हा सहज विचारलं, "सध्या काय चाललंय ग तुझं?"

"टोपॉलॉजी, आजी."

मी एकदम खूष. म्हटलं, "अग, मग मला विचार की! १९७३ पासून २००८ पर्यंत टोपोशीटच तर शिकवली मी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, समोच्चरेषा, सगळं."

ती हसायला लागली. "आजी, ती टोपोग्राफी. ही टोपॉलॉजी."

आता मी पडले मराठी माध्यमाची, भूगोल घेऊन बी.ए. झालेली. ते पण पुणे विद्यापीठातून, कारण तेव्हा आपल्या जळगावला विद्यापीठ नव्हतं, ते १९९० साली झालं. गणिताशी माझा संबंध भागाकारापुरता. पण पोरीने छान समजावलं. दोन्ही शब्दांत 'टोपोस' हा ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ जागा. टोपोग्राफी म्हणजे जागेचं वर्णन: उंची किती, अंतर किती. टोपॉलॉजीला उंची-अंतराशी फारसं देणंघेणं नाही. समजा नकाशा रबरावर काढला आणि रबर ताणलं, तर अंतरं बदलतील, आकार वेडावाकडा होईल. तरीही काही गोष्टी तशाच राहतील. तुकडे किती आहेत, मधे भोकं किती आहेत, काय कशाला जोडलेलं आहे, हे बदलणार नाही. ते मोजायचं शास्त्र म्हणजे टोपॉलॉजी.

"बरं, मग त्याचा उपयोग काय?" मी विचारलं. (शिक्षिकेची खोड, दुसरं काय!)

तर ही उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि सूनबाईने पोळ्यांसाठी मळून ठेवलेली कणीक परातीसकट घेऊन आली. तिचे दोन डोंगर केले, एक मोठा, एक लहान, मधे खिंड ठेवली आणि परातीत पाणी ओतलं. डोंगर पूर्ण बुडेपर्यंत. सूनबाई जे काही बोलली ते इथे लिहीत नाही :)

"आता बघ आजी, मी वाटीने पाणी काढत जाते."

पाणी उतरायला लागलं. आधी मोठ्या डोंगराचा शेंडा वर आला, एक बेट झालं. मग लहान्याचा आला, दुसरं बेट. दोन्ही वाढत गेली आणि पाणी खिंडीपर्यंत उतरलं तेव्हा एकमेकांना मिळाली. दोनाचं एक झालं.

"बस्, एवढंच," ती म्हणाली. "बेट जन्मलं कधी, आणि दुसऱ्याला मिळालं कधी, याची नोंद ठेवायची."

मग मी माझा जुना ॲटलास काढला आणि आम्ही दोघींनी अख्खा खान्देश बुडवला! पाणी ओसरू लागलं की आपल्याकडे सगळ्यात आधी कोण वर येईल? बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर. सह्याद्रीची आणखी काही शिखरं वर येतील. मग इकडे सातपुड्यात अस्तंभा, १३२५ मीटर. नंतर तोरणमाळचं पठार, १०३६ मीटर. सातपुडा आणि सह्याद्री ही दोन वेगळी बेटं राहतील, कारण मधे आपली तापी. मग ती एकमेकांना मिळणार कुठे? मी बोट फिरवत फिरवत पार विदर्भात गेले. पूर्णेचं पाणी पश्चिमेला आणि वर्धेचं पूर्वेला वळवणारा जो जलविभाजक आहे, तिथे. पस्तीस वर्षं तो नकाशा भिंतीवर टांगला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दोन बेटं मिळाली की ज्याचं शिखर उंच, त्याचं नाव पुढे चालतं आणि दुसऱ्याचं खातं तिथे बंद होतं. चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात, पण पुढे नाव तापीचंच राहतं ना, तसं. ही सगळी नोंद झाडासारखी काढली की वंशावळ तयार होते. आणि प्रत्येक बेटासाठी जन्मापासून खातं बंद होईपर्यंतची एकेक आडवी रेघ मारली की होतो एक तक्ता. मला तो बघताक्षणी आमचं शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं. प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. कुणाची रेघ लांब, कुणाची तोकडी.

खरी गंमत आहे ती या रेघांच्या लांबीत. शेताचा बांधसुद्धा पाण्यातून क्षणभर बेट म्हणून वर येईल, पण पाणी आणखी वीतभर उतरलं की शेजारच्या जमिनीत मिसळून जाईल. अस्तंभ्यासारखा डोंगर मात्र खूप वेळ आपलं बेटपण टिकवेल. म्हणजे कोण किती तग धरतं ते बघायचं. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' यानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. असल्या मोजणीत चुका राहतातच, नसलेले उंचवटे आणि नसलेले खड्डे दिसतात. ते बहुतेक तग धरत नाहीत, म्हणून ओळखू येतात. उलट लोणारसारखा सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खरा खड्डा, ज्यातून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, तो लांबलचक रेघ घेऊन ठामपणे उभा राहतो.

हे सगळं अगदी नवं आहे असंही नाही बरं का. आर्थर केली नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८५९ मध्ये समोच्चरेषांवर एक लेख लिहिला होता. नंतर १८७० मध्ये मॅक्सवेलने, तोच विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांचा, टेकड्या आणि दऱ्यांवर लेख लिहिला. त्या विचारातून येणारा एक हिशेब नातीने सांगितला. कुठलंही बेट घ्या. त्यावरची शिखरं आणि खोलगट खड्डे मोजा, बेरीज करा, त्यातून खिंडी वजा करा. उत्तर नेहमी एक! मी कणकेवर करून पाहिलं. दोन शिखरं, खड्डा नाही, खिंड एक. दोन वजा एक, एक. माझ्या वर्गात हे सांगता आलं असतं तर पोरं किती रंगली असती! तग मोजायची कॉम्प्युटरला झेपेल अशी रीत मात्र अलीकडची. २००० साली एडल्सब्रुनर, लेचर आणि झोमोरोडियन या तिघांनी ती मांडली.

पण मुद्दा डोंगरांचा नाही. शास्त्रज्ञांकडे जी आकड्यांची रास असते, तिलाही डोंगर-दऱ्या समजून असंच पाणी भरता येतं. नातीने ढगांचं उदाहरण दिलं. उपग्रह वरून ढगांच्या माथ्याचं तापमान मोजतो. माथा जितका उंच तितका थंड. आता ढग कशाला म्हणायचं? समजा ठरवलं, उणे ३० अंशांच्या खाली असेल तो ढग. तर कधी अख्ख्या खान्देशावर एकच अवाढव्य ढग दिसेल. उणे ५० ठरवलं तर तेच चित्र दोन ढगांचं होईल. उणे ७० ठरवलं तर कदाचित एकच छोटा ठिपका उरेल. यातलं खरं कुठलं?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय नटराजन, त्यांच्याकडे पीएच.डी. केलेले हरीश दोराईस्वामी आणि हवामानशास्त्रज्ञ रवी नंजुंडय्या (जे पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले) यांनी २०१३ साली ढगांचे समूह ओळखण्याची आणि त्यांचा प्रवास माग काढत बघण्याची अशी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी हीच बेटांची वंशावळ आहे. कुठला समूह कुठे सरकला, कुठे फुटला, कुठे दुसऱ्याला मिळाला, ते एकामागून एक चित्रं लावून बघायचं. रावेर-यावलकडे पावसाळ्याच्या तोंडावर वादळ येतं आणि तासाभरात उभी केळी आडवी होते. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ढगांची वंशावळ कशाला, असा प्रश्न पडायचा नाही.

आणि हे ढगांपुरतंही नाही. २०११ मध्ये निकोलाऊ, लेव्हाइन आणि कार्लसन यांनी याच कुळातल्या दुसऱ्या एका रीतीने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांची जनुकीय माहिती तपासली. त्या आकड्यांच्या आकाराला एक छोटीशी फांदी फुटलेली दिसली. त्या गटातल्या सगळ्या बायका वाचलेल्या होत्या. नेहमीच्या गटवारीत त्या इतरांमध्ये विखुरल्या जात, वेगळ्या दिसतच नसत.

"म्हणजे बघ आजी," नात म्हणाली, "नेहमी लोक आधी एक रेष ठरवतात. रेषेच्या वर ते खरं, खाली ते सोडून द्यायचं. आम्ही रेष खालपासून वरपर्यंत फिरवतो आणि कोण टिकतं ते बघतो."

मीही काही कमी नाही. म्हटलं, "पण किती तग धरला म्हणजे खरा, हे तरी तुम्हालाच ठरवावं लागेल ना? मग रेष आलीच की परत!"

ती थबकली. मग म्हणाली, "हो, येते. पण सगळं बघून झाल्यावर येते."

हे वाक्य ऐकलं आणि मी गप्प झाले. तिला वाटलं, आजी दमली. तिने परात उचलली आणि गेली.

मला दिसत होता १९८४ सालचा एप्रिल महिना आणि नववीच्या वार्षिक परीक्षेचा भूगोलाचा गठ्ठा. तेव्हा मी धुळे जिल्ह्यात पांझराकाठच्या एका गावातल्या शाळेत होते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील पाटकरी. पांझरेच्या काठची फड पद्धत नव्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाचं पाणी फडातल्या सगळ्या शेतांना पाळीपाळीने. शेकडो वर्षांची गावकऱ्यांची स्वतःची व्यवस्था. पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघणारा तो पाटकरी. हा पोरगा बापाबरोबर पाटावर फिरायचा. वर्गात बोलायचा नाही, लिहायचा त्याहून कमी.

पेपरात चार गुणांचा प्रश्न होता. समोच्चरेषांच्या साहाय्याने खिंड दाखवा. पुस्तकात तयार आकृती होती. एकात एक गोल, शेजारी एकात एक गोल, दोन्हींना कवेत घेणारी बाहेरची रेषा, रेषांवर आकडे. मुलांनी ती पाठ केलेली असायची.

या मुलाने गोल काढलेच नव्हते. त्याने आमचं गाव काढलं होतं. पांझरा, मारुतीच्या देवळाचा उंचवटा, शाळेचं टेकाड, दोन्हींच्या मधून जाणारा खोलगट गाडरस्ता. आदल्या पावसाळ्यात गावात पूर आला होता. त्याने तीन वेड्यावाकड्या रेघा मारल्या होत्या आणि त्यांवर लिहिलं होतं: पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. तिसऱ्या पाण्यात गाडरस्ता बुडाला होता आणि देऊळ एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला, अशी दोन बेटं झाली होती. रस्त्यावर एक फुली, आणि खाली एकच ओळ: येथे दोन्हीकडचे पाणी भेटते.

मी शून्य दिलं. लाल पेनाने शेरा मारला, "विषय सोडून".

त्याला एकूण तेहतीस गुण पडले. पास व्हायला पस्तीस.

त्याचे वडील शाळेत आले. डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. "मना पोऱ्याले पास करी द्या, बाई. दोनच मार्क कमी शेतस." मी तरुण होते, कडक म्हणून माझा लौकिक होता, आणि मला त्याचा अभिमानही होता. मी त्यांना पेपरच काढून दाखवला. म्हटलं, बघा, विचारलं काय आणि याने काढलं काय. त्यांना वाचता येत नव्हतं. पण चित्राकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"पन पानी तं असंच उनं व्हतं, बाई."

पाणी तर असंच आलं होतं. ते एवढंच सांगत होते, आणि मला वाटलं, यांना काही कळत नाही.

साचलेल्या पाण्याची कड म्हणजे समोच्चरेषाच. सगळीकडे सारख्या उंचीवर. हे मीच वर्गात शिकवत असे, पुस्तकात तसं लिहिलेलंही होतं. त्या पोराने ते पाठ केलं नव्हतं, त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तीन पाण्यांच्या तीन समोच्चरेषा, दोन उंचवटे आणि मधे बरोबर जिथे असायला हवी तिथे खिंड. माझी नात बंगळुरूला जे शिकते आहे, त्याचा पहिला धडा. मी वर्गात बसून कणकेचे डोंगर केले असते तरी याहून चांगलं शिकवता आलं नसतं.

मुलगा जूनमध्ये पुन्हा नववीत आला, दिवाळीनंतर यायचा थांबला. रजिस्टरमध्ये कारण मीच भरलं, माझ्याच वळणदार अक्षरात: "सतत गैरहजर".

पस्तीसची रेष मी आखली नव्हती, हे खरं. पण रेषेच्या खाली टाकण्याआधी त्या कागदाकडे नीट बघणं माझ्या हातात होतं. मी आधी रेष बघितली आणि कागद बघितलाच नाही. एवढ्या वर्षांत किती पेपर तपासले असतील! त्यातला हा एक मला आठवतो, कारण त्या बापाने त्याच्याकडे बघितलं होतं म्हणून. न आठवणारे किती असतील?

नात गेल्यावर दोन आठवडे मला चैन पडेना. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, त्याने दुसऱ्याला केला, आणि नंबर मिळाला. तो मुलगा, म्हणजे आता पंचावन्न-छप्पन वर्षांचा माणूस, बरीच वर्षं सुरतेकडे उधन्याला लूमवर होता. आता गावी परत आलाय, शेती करतो. वडील जाऊन खूप वर्षं झाली.

मी नाव सांगितल्यावर आधी त्याचा विश्वासच बसेना. मग "बाई, तब्येत कशी शे?" पासून सुरू झाला. नातवंडं किती, जळगावला घर कुठे, सगळं विचारलं. मी कशीबशी मुद्द्यावर आले. म्हटलं, नववीच्या पेपरात तू पुराचा नकाशा काढला होतास, आठवतं? त्याला आठवत नव्हतं. पूर आठवत होता, देवळाच्या ओट्यावर दोरी धरून काढलेली रात्र आठवत होती. पेपर नाही. नापास झाल्याचं मात्र आठवत होतं.

मी म्हटलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती. हे सांगायलाच फोन केलाय."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, लाईन गेली. मग तो हसला. मोकळं हसला, अगदी बापासारखं नाही, पण जवळपास.

"मंग बाई, आते द्या ना ते दोन मार्क!"

"दोन नाही रे," मी म्हटलं. "चार."